फुटबॉलचा कडता

२४ एप्रिल २०२४ ची रात्र. हिवरखेडात उन्हानं जीव नकोसा झालेला. परवावर लोकसभेचं मतदान, त्यामुळं प्रचाराचे भोंगे त्याच संध्याकाळी बंद पडलेले आणि कितीतरी दिवसांनी गाव गप्प. गच्चीवर पाणी शिंपडून खाट टाकली (एप्रिल-मे मधे आमच्याकडं घरात झोपणं ही शिक्षाच असते), डोळा लागणार तेवढ्यात भाच्याचा फोन.

"मामाजी, पाह्यलं का?"

"काय पाह्यलं?"

"अजी मॅच! आमची, गोव्याची! नव्वद मिनिटं लोक दोन-शून्य होतं ना जी. हरलो. तीन गोल खाल्ले!"

भाचा मडगावला नोकरीला आहे. जन्मभर क्रिकेटशिवाय दुसरं काही न पाहिलेला हा वऱ्हाडी पोरगा तिकडं गेल्यावर दोन वर्षांत एफसी गोवाचा इतका कट्टर झाला की घरी आला तरी भगव्या जर्सीतच फिरतो. त्या रात्री तो फातोर्ड्याच्या स्टेडियममधेच होता. आयएसएलच्या सेमीफायनलचा पहिला सामना, समोर मुंबई सिटी. बोरिस सिंग आणि ब्रँडन फर्नांडिस (हा तर मडगावचाच) यांनी गोल केलेले, लोक उभे राहून गात होते. ९० व्या मिनिटाला छांगतेनं एक फेडला. मागोमाग विक्रम प्रताप सिंगनं दुसरा. आणि ९० अधिक सहाव्या मिनिटाला पुन्हा छांगते. ३-२. पुढं मुंबईत परतीचा सामनाही गोवा हरलं, आणि मे महिन्यात मुंबईनं कोलकात्यात मोहन बागानला हरवून कप नेला. पण ते नंतरचं.

"मले एक सांगा मामाजी," भाचा म्हणाला, "खेळ नव्वद मिनिटाचा. मंग हे वरचे सहा मिनिटं आले कुठून? कोणं मोजले?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं, ते दिलं. दुसऱ्याचं उत्तर ऐकून तो जास्तच भडकला. आणि मंडळी, तेव्हापासून मीही भडकलेलोच आहे. गोवा हरलं म्हणून नाही. मुंबईनं गोल मारले, ते खरेच होते, त्यात काही काळंबेरं नव्हतं. माझं भांडण त्या घड्याळाशी आहे.

ज्यांना फुटबॉल माहीत नाही (आमच्या घरचे निम्मे वाचक) त्यांच्यासाठी थोडक्यात. पंचेचाळीस-पंचेचाळीस मिनिटांचे दोन भाग. घड्याळ एकदा सुरू झालं की थांबतच नाही. बॉल बाहेर जावो, माणूस लोळो, पंच टीव्हीवर गोल तपासत बसो, ते आपलं चालूच. मग वाया गेलेला वेळ शेवटी भरून द्यायचा. बदली खेळाडू, दुखापत, कार्ड, पाणी प्यायला थांबणं, व्हिडिओ तपासणी, गोलनंतरचा जल्लोष, मुद्दाम काढलेला वेळ, हे सगळं धरून पंच एक आकडा ठरवतो आणि रेषेबाहेरचा चौथा पंच तो पाटीवर दाखवतो. हा आकडा 'किमान' असतो. पंच तो वाढवू शकतो, कमी करू शकत नाही. नियम असा आहे. वाचायला छानच वाटतो.

आता हे करून बघा. कुठलाही सामना लावा आणि मोबाइलचं स्टॉपवॉच हातात घ्या. बॉल खेळात असेल तेव्हाच चालू ठेवा, बाहेर गेला की बंद. नव्वदच्या वर पाच-सहा मिनिटं देऊनसुद्धा तुमच्या हातात साठाच्या आतबाहेर काहीतरी उरेल. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधे काही वर्षांपूर्वी हा आकडा पंचावन्नच्या आसपास होता. म्हणजे तिकीट नव्वदचं आणि माल पंचावन्नचा.

बाकीचा वेळ जातो कुठं? बराचसा अगदी साध्या गोष्टींत जातो. थ्रो-इन घ्यायला एक जण चालत येतो, बॉल पुसतो, दुसऱ्याला देतो, तो पुन्हा पुसतो. गोलकीपर गोलकिकसाठी बॉल ठेवतो, उचलतो, दोन पावलं सरकून पुन्हा ठेवतो. फ्रीकिकची भिंत उभी करण्यात तर एखादं लग्न लागेल. आणि हे 'खेळाचा भाग' म्हणून जवळजवळ मोजलंच जात नाही, अगदी अति झालं तरच पंच मनावर घेतो. वीस सेकंद अति की तीस? ते त्याच्या मनावर.

आमच्याकडं याला एक शब्द आहे. कडता.

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. पूर्वी अडतीत तूर नेली की तागडीवर माप व्हायचं आणि मापातून पोत्यामागं किलो-दोन किलो कापले जायचे. बारदान्याचे, मातीचे, ओलाव्याचे, आणि कधी कशाचेच नाही. 'रीतच आहे' म्हणून. आमचे आबाजी बैलगाडीत पोती घालून जायचे ते घरी मोजून, खडूनं आकडा लिहून. परत यायचे ते गप्प. घरी एक आकडा, तिथं दुसरा. विचारलं तर अडत्या म्हणायचा, "बाबाजी, दोन किलोनं काय होते? पुढच्या खेपेले पाहून घेऊ." आणि खरंच, कधी कधी एखादा किलो तो वर द्यायचाही, खुशीत असला तर. आबाजी तेवढ्यानं हरखायचे. लहानपणी मला त्यांचा राग यायचा: अहो, तुमचाच किलो तुम्हाला परत दिला, त्यात हरखायचं काय?

पाटीवरचे ते चार मिनिटं, सहा मिनिटं बघून स्टेडियम जल्लोष करतं किंवा ओरडतं तेव्हा मला आबाजी आठवतात.

आता कोणी म्हणेल, सुधारणा चालू आहेत की. आहेत, नाही कशाला म्हणू. २०२२ च्या कतारच्या विश्वचषकात पंचांना सांगून ठेवलं होतं की वाया गेलेला वेळ नीट भरून द्या. इंग्लंड-इराण सामन्यात इराणचा गोलकीपर जबर जखमी झाला, पहिल्याच भागात चौदा मिनिटं वाढली आणि दुसऱ्या भागात ९० अधिक तेराव्या मिनिटाला इराणनं पेनल्टीवर गोल मारला. लोक चकित झाले. मला वाटलं, चला, आला एकदाचा इलेक्ट्रॉनिक काटा! पण कुठलं काय. दोन वर्षं होत नाहीत तोच, २०२४-२५ च्या हंगामापासून प्रीमियर लीगनं गोलच्या जल्लोषातली पहिली तीस सेकंदं भरून देणं बंद केलं. म्हणजे गोल तोच, नाच तोच, पण एका बाजारात त्याचं माप एक आणि दुसऱ्या बाजारात दुसरं. २०२५ च्या जुलैपासून नवा नियम आला, की गोलकीपरनं आठ सेकंदांच्या वर बॉल हातात धरला तर समोरच्याला कॉर्नर. त्यातली शेवटची पाच सेकंदं पंच हात वर करून बोटांवर मोजतो. हे मात्र मला मनापासून आवडलं. कारण माहितेय का? ते सगळ्यांना *दिसतं*. आधी सहा सेकंदांचा नियम होताच, कित्येक वर्षं. तो कोणी पाळत नव्हतं आणि कोणी पाळायलाही लावत नव्हतं, कारण ती सहा सेकंदं पंचाच्या डोक्यात होती.

माझा मुद्दा एवढाच आहे. पंच लबाड आहेत असं मी म्हणत नाही. बावीस जणांमागं धावत, फाउल बघत, शिव्या खात एखादा माणूस सेकंदांचाही हिशोब ठेवतो, तो चुकणारच. १२ जानेवारी २०२२ ला आफ्रिकन कपात ट्युनिशिया-माली सामन्यात झांबियाच्या पंचांनी, जॅनी सिकाझ्वेंनी, ८५ व्या मिनिटालाच शिटी वाजवली. चूक कळल्यावर खेळ पुन्हा सुरू केला आणि नव्वद पूर्ण व्हायला काही सेकंद असतानाच परत संपवला. जग हसलं. नंतर कळलं की त्यांना उष्माघात झाला होता, त्यातून ते बचावले हेच खूप. विदर्भातल्या माणसानं तरी यावर हसू नये. ४५ डिग्रीत डोकं कसं चालतं ते आपल्याला ठाऊक आहे. पण मग ज्या माणसाला ऊन लागू शकतं त्याच्याच मनगटावर अख्ख्या सामन्याचं घड्याळ का? आणि तेही एकट्याच्या?

आणि १९७८! अर्जेंटिनातला विश्वचषक, मार देल प्लाता, ब्राझील विरुद्ध स्वीडन, १-१. शेवटच्या क्षणी ब्राझीलला कॉर्नर मिळाला. बॉल हवेत असताना वेल्सचे पंच क्लाइव्ह थॉमस यांनी शिटी वाजवली आणि झिकोनं डोक्यानं गोल मारला. गोल नाही, वेळ संपली! नियमाप्रमाणं ते बरोबरच होते, वेळ त्यांच्या घड्याळात संपली होती. पण ती कॉर्नर घेऊ द्यायला होती आणि डोक्याला बॉल लागेपर्यंत संपली, हे कोण मानेल? खरी असेलही. दाखवणार कशी?

यावर उपाय नवा शोधायचा नाहीये, हेच तर दुःख आहे. बास्केटबॉलमधे घड्याळ थांबतं. हॉकीत पेनल्टी कॉर्नर मिळाला की थांबतं. फुटबॉलचाच धाकटा भाऊ फुटसाल, त्यात वीस-वीस मिनिटांचे दोन भाग आणि बॉल बाहेर गेला की घड्याळ बंद. फुटबॉलचे नियम करणाऱ्या मंडळानं, आयएफएबीनं, स्वतःच २०१७ मधे चर्चेसाठी एक कागद काढला होता: तीस-तीस मिनिटांचे दोन भाग करा, बॉल खेळात नसेल तेव्हा घड्याळ थांबवा, आणि बॉल बाहेर गेल्याशिवाय शेवटची शिटी वाजवू नका. चर्चा झाली, कागद राहिला. असो.

तो शेवटचा मुद्दा वाचून मला हसूच आलं होतं. हा तर आमच्या कबड्डीचा नियम! वेळ संपली तरी चालू असलेली चढाई पूर्ण होऊ द्यायची, हे हिवरखेडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची पोरं १९३६ साली बर्लिनला जाऊन ऑलिंपिकच्या वेळी हा खेळ दाखवून आली. कबड्डीत वेळेचा हिशोब किती चोख आहे बघा. मुळात चढाईचं घड्याळ म्हणजे चढणाऱ्याचा दम. दम सुटला, वेळ संपली, आणि तो सगळ्या मैदानाला ऐकू येतो! पुढं त्यावर तीस सेकंदांची मर्यादा आली. मग लोक रेषेला पाय लावून नुसतेच परत येऊ लागले, वेळ काढायला. तर प्रो कबड्डीत दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणा नाहीतर बाद व्हा, असा नियम केला. वेळकाढूपणा सगळ्याच खेळांत असतो. माणूस आहे, पुढं असला की घड्याळाकडं बघणारच. मीही बघतो. १४ जानेवारी २०१९ ला शारजात आशियाई कपात आपला बहारीनशी सामना होता, बरोबरी पुरेशी होती, आणि शेवटच्या वीस मिनिटांत आपला गोलकीपर जितका वेळ लावेल तितका मला कमीच वाटत होता. ९० अधिक पहिल्या मिनिटाला पेनल्टी, गोल, आपण स्पर्धेबाहेर. तेव्हा त्या वाढीव वेळेला मी ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

म्हणून तर म्हणतो, हे चांगुलपणावर सोडू नका. घड्याळ थांबत असेल तर वेळ काढून फायदाच उरत नाही. लोळ बापा, किती लोळायचं तितका लोळ. घड्याळ बंद आहे.

आक्षेप मला माहीत आहेत. भाच्याचा एक मित्र म्हणे, "त्या अनिश्चिततेतच तर मजा आहे." अरे, मजा गोलात आहे, घड्याळात कसली? शेवटची दहा सेकंदं सगळ्यांना दिसत असताना बास्केटबॉलमधे काय कमी जीव टांगणीला लागतो? दुसरा आक्षेप जाहिरातींचा: घड्याळ थांबलं की टीव्हीवाले घुसतील, आयपीएलमधल्या अडीच मिनिटांच्या टाइमआउटसारखे. ही भीती खरी आहे, मलाही वाटते. पण २०२६ च्या विश्वचषकासाठी फिफानं प्रत्येक भागात तीन मिनिटांची पाण्याची सुट्टी जाहीर केली, ऊन असो वा नसो. म्हणजे घड्याळ न थांबवताही जाहिरातीला जागा झालीच की. तिसरा आक्षेप मात्र मला गप्प करतो. कामठीच्या किंवा अकोल्याच्या साध्या मैदानावर टेबल, घड्याळ आणि ते चालवणारा माणूस कुठून आणायचा? फुटबॉलचं मोठेपण हेच ना, की गल्लीत आणि विश्वचषकात नियम एकच. मी यावर बराच विचार केला. कबड्डीचं टेबल गावोगाव असतं, एक पोरगा स्टॉपवॉच घेऊन बसतो, एवढंच सुचलं.

त्या टेबलाबद्दल मला जरा जास्त माहिती आहे, ती आता सांगून टाकतो. घरच्यांनीही ही गोष्ट कधी ऐकलेली नाही.

मी आठवीत होतो. गणपतीतली कबड्डी, शाळेमागचं मैदान, बांबूला बांधलेल्या ट्यूबलाइट, त्यांच्याभोवती पाखरांचे थवे. खेळायला मी अगदीच काडी, म्हणून मला टेबलावर बसवलं. काकांचं एचएमटीचं घड्याळ मनगटावर सैल व्हायचं, ते मी मुठीत धरून बसायचो. काम एवढंच: भाग सुरू झाला की वेळ ध्यानात ठेवायची, संपली की शिटी.

फायनलला बाहेरगावचा संघ. शेवटी शेवटी आमच्या गल्लीचा संघ एका गुणानं पुढं. आमच्या गड्याची चढाई झाली, तो परत आला. आता त्यांची पाळी. त्यांचा एक उंच, काळासावळा गडी रेषेकडं निघाला. त्यानं त्या दिवशी आमची अर्धी पोरं एकट्यानं बाद केली होती. मी घड्याळ पाहिलं. सेकंदकाट्याचा पाऊण फेरा बाकी होता.

मी शिटी वाजवली.

कोणी मला सांगितलं नव्हतं. कोणी खूणही केली नव्हती. हातात घड्याळ होतं आणि ते फक्त मला दिसत होतं, बस.

पोरं नाचायला लागली. त्यांचा कप्तान, चांगला तीस-बत्तीसचा माणूस, टेबलाजवळ आला. भांडला नाही. म्हणाला, "पोरा, घड्याळ दाखव बरं." मी मूठ उघडली. नऊ वाजून आठ मिनिटं. ते बरोबरच होतं. घड्याळ खोटं बोलतच नव्हतं. भाग केव्हा सुरू झाला होता ते तेवढं त्यात दिसत नव्हतं, ते माझ्या डोक्यात होतं.

त्यानं घड्याळाकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. "चांगलं आहे घड्याळ," म्हणाला, आणि त्यांची पोरं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून निघून गेली.

कप अजून आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या कपाटात आहे. एक कान तुटलाय.